खुर्च्या तीन शहरांत, किल्ल्या एका शहरात

दूरचित्रवाणीच्या पडद्याचे तीन भाग झालेले आहेत. एकात सिंगापूर, दुसऱ्यात लंडन आणि तिसऱ्यात अमेरिकेतील न्यू जर्सी. तिन्ही ठिकाणचे निवेदक एकाच वेळी पडद्यावर आहेत, एकमेकांना नावाने हाक मारीत आहेत आणि आपापल्या बाजारपेठेची हालहवाल एकमेकांना व प्रेक्षकांना सांगत आहेत. ‘सीएनबीसी’ या अमेरिकी अर्थवृत्तवाहिनीने डिसेंबर २००५ मध्ये ‘वर्ल्डवाइड एक्स्चेंज’ नावाचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा त्याचे रूप हे असे होते. जगाच्या अर्थव्यवहाराला आता एक राजधानी उरलेली नाही, अनेक शहरे समान हक्काने त्यात बोलू लागली आहेत, असा संदेश त्या पडद्यातून एकही शब्द न उच्चारता मिळत असे. पुढे एकेक खुर्ची कमी होत गेली आणि २०१६ पासून हा कार्यक्रम केवळ अमेरिकेतून सादर होऊ लागला. नावातील ‘वर्ल्डवाइड’ मात्र कायम राहिले.

एका वाहिनीच्या एका कार्यक्रमाची ही कथा क्षुल्लक वाटेल. पण गेल्या अर्धशतकात अनेक शहरांतून एकत्र सादर होणाऱ्या आंतरराष्ट्रीय बातमीपत्रांचे जे प्रयोग झाले, त्यांतील बहुतेकांची वाटचाल थोड्याफार फरकाने अशीच झाली. आरंभी अनेक शहरे, मोठ्या घोषणा, जगाला जोडण्याची भाषा. आणि काही वर्षांनी सारी सूत्रे पुन्हा एका शहरात. असे का व्हावे? हा तंत्राचा दोष आहे, माणसांचा आहे, की या व्यवहाराच्या अर्थशास्त्राचाच तो अटळ परिणाम आहे? जगाची बातमी कोणत्या शहरातून सांगितली जाते, यावर केवळ कोणाची प्रतिष्ठा नव्हे, तर कोणाला मदत मिळणार आणि कोण विस्मृतीत जाणार हेही ठरते. म्हणून या प्रश्नाचा विचार केवळ वृत्तपत्रविद्येच्या विद्यार्थ्यांवर सोपवून चालणार नाही.

आकाशातून जुळलेली शहरे

दोन खंडांतील निवेदक एकाच वेळी एका पडद्यावर दिसणे ही गोष्ट १९६२ पूर्वी अशक्य होती. त्या वर्षी १० जुलैला ‘टेलस्टार’ हा उपग्रह अवकाशात गेला आणि २३ जुलैला अमेरिका व युरोप यांच्यात थेट कार्यक्रमांची पहिली जाहीर देवघेव झाली. एका बाजूला वॉल्टर क्रॉन्काइट, दुसऱ्या बाजूला रिचर्ड डिंबलबी. पण टेलस्टार पृथ्वीभोवती फिरत असे. त्यामुळे दोन्ही किनाऱ्यांना तो एकदम दिसायचा तो प्रत्येक फेरीत जेमतेम वीसेक मिनिटे. नित्याचे बातमीपत्र अशा पाहुण्याच्या भरवशावर चालवता येत नाही. १९६५ साली ‘अर्ली बर्ड’ हा भूस्थिर उपग्रह आला, तेव्हा आकाशात एक कायमचा खुंटा रोवला गेला. २५ जून १९६७ रोजी ‘अवर वर्ल्ड’ या कार्यक्रमात चौदा देशांनी एकत्र थेट प्रक्षेपण केले. राजकीय पुढाऱ्यांना त्यात स्थान द्यायचे नाही, असा नियम होता. तरीही राजकारण टळले नाहीच. त्याच महिन्यातील अरब-इस्रायल युद्धामुळे सोव्हिएत रशिया व त्याच्या गटातील देशांनी ऐन वेळी अंग काढून घेतले. अनेक शहरांचा एकत्र कार्यक्रम म्हणजे आधी त्या शहरांत किमान समेट हवा, हा धडा पहिल्याच मोठ्या प्रयोगाने दिला.

आपल्याकडे या जाळ्याचे पहिले टोक पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे बांधले गेले. १९७१ साली सुरू झालेल्या तेथील भूकेंद्रामुळे भारत उपग्रहमार्गे परदेशांशी जोडला गेला. नारायणगावच्या बाजूला शेतांच्या मधोमध उभी असलेली ती प्रचंड तबकडी त्या काळी शाळांच्या सहलींना आवर्जून दाखवली जावी, अशीच वस्तू होती.

भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. प्रकाशाच्या वेगानेही तेथे जाऊन परत यायला पाव सेकंद लागतो. प्रश्न आणि उत्तर मिळून अर्धा सेकंद. लंडनच्या निवेदकाने प्रश्न विचारल्यावर दूरचा बातमीदार क्षणभर खुळ्यासारखा पाहत राहतो, याचे कारण हेच. समुद्राखालच्या तंतुवाहिन्यांनी आता हे अंतर पुष्कळ कमी केले आहे आणि खर्च तर त्याहूनही कमी केला आहे. म्हणजे तंत्र आणि त्याची किंमत ही जी अडचण १९६२ मध्ये होती ती आज जवळजवळ उरलेली नाही. तरीही खुर्च्या कमी होतात, याचा अर्थ कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

घड्याळाचे अर्थशास्त्र

ते कारण शोधताना प्रथम हे पाहू, की खुर्ची मांडायला शहर निवडतात ते कशाच्या आधारे. ‘वर्ल्डवाइड एक्स्चेंज’ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पहाटे दिसत असे. उन्हाळ्यात न्यू यॉर्कमध्ये पहाटेचे पाच वाजतात तेव्हा लंडनमध्ये सकाळचे दहा आणि सिंगापुरात संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. एक बाजार मिटण्याच्या बेतात, एक भरात आणि एक अजून उघडायचा आहे. न्यू यॉर्कच्या गुंतवणूकदाराने उठल्याबरोबर आशियाने काय केले आणि युरोप काय करीत आहे हे जाणून घ्यावे, यासाठी याहून सोयीची रचना नाही.

आता त्याच क्षणी मुंबईत किती वाजलेले असतात? दुपारचे अडीच. मुंबईचा शेअर बाजार त्या वेळी उघडा असतो, व्यवहार चालू असतात. म्हणजे त्या घटकेला आशियातील चालू बाजाराचे जिवंत वर्तमान सांगायचे, तर सिंगापूरपेक्षा मुंबईचा अधिकार कमी नव्हता. पण खुर्ची सिंगापुरात मांडली गेली. यात मुंबईचा अपमान करण्याचा कोणाचा हेतू नव्हता. आंतरराष्ट्रीय बँकांची, निधिसंस्थांची आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांची आशियातील कार्यालये सिंगापुरात दाटलेली आहेत. जाहिरातदाराला हवा असलेला प्रेक्षक तेथे आहे. खाजगी दूरचित्रवाणी प्रेक्षकाला बातमी विकते असे आपण समजतो. वस्तुतः ती जाहिरातदाराला प्रेक्षक विकत असते. हे एकदा लक्षात घेतले, की खुर्च्यांचा नकाशा बातम्यांच्या नकाशावरून नव्हे, तर क्रयशक्तीच्या नकाशावरून ठरतो, याचे आश्चर्य वाटत नाही.

एक साधे उदाहरण पाहावे. आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर खपणारे पामतेल मुख्यतः इंडोनेशिया व मलेशिया येथून येते आणि त्याच्या भावाचा कल पाहण्यासाठी व्यापारी क्वालालंपूरच्या वायदेबाजाराकडे डोळे लावून बसतात. फरसाणाच्या दुकानापासून वसतिगृहाच्या भोजनालयापर्यंत हजारो कढयांचा हिशेब त्या आकड्याशी बांधलेला आहे. अमेरिकेतील ‘डाऊ जोन्स’ निर्देशांक पन्नास अंशांनी वर गेला की खाली आला, याने एखाद्या कारकुनाच्या महिन्याच्या खर्चात काही फरक पडत नाही. पण आंतरराष्ट्रीय बातमीपत्रात त्याला तो निर्देशांक दिवसातून दहा वेळा ऐकावा लागतो. तेलाचा भाव त्याला वाण्याच्या दुकानात कळतो. बातमीची गरज असणे आणि बातमीसाठी मोजता येण्याजोगी मागणी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात यावे.

१९७८ चा प्रयोग

या साऱ्या प्रकाराचे मूळ उदाहरण म्हणजे अमेरिकेतील ‘एबीसी’ या प्रक्षेपणसंस्थेचे ‘वर्ल्ड न्यूज टुनाइट’. १० जुलै १९७८ रोजी, म्हणजे टेलस्टारनंतर बरोबर सोळा वर्षांनी, ते सुरू झाले. एबीसीचा वृत्तविभाग त्या वेळी तीन मोठ्या संस्थांत तिसऱ्या क्रमांकावर होता. १९७६ मध्ये बार्बरा वॉल्टर्स यांना वर्षाला दहा लाख डॉलरच्या कराराने आणून हॅरी रीझनर यांच्या शेजारी बसवण्याचा उपाय फसला होता. अशा वेळी क्रीडाविभाग गाजवलेले रून आर्लेज वृत्तविभागाचे प्रमुख झाले. त्यांनी एका नामवंत निवेदकाऐवजी तीन निवेदक तीन शहरांत बसवले. वॉशिंग्टनमध्ये फ्रँक रेनॉल्ड्स, शिकागोत मॅक्स रॉबिन्सन आणि लंडनमध्ये पीटर जेनिंग्ज. राजधानीचे राजकारण पहिल्याकडे, देशांतर्गत वार्ता दुसऱ्याकडे, परदेश तिसऱ्याकडे.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत हे श्रमविभाजन होते, आणि त्यापासून लाभही झाला. बातमीपत्राला वेग आला. न्यू यॉर्कमधील एकाच इमारतीतून साऱ्या जगाकडे पाहण्याची सवय काही अंशी सुटली. रॉबिन्सन हे अमेरिकेच्या राष्ट्रीय सायंकालीन बातमीपत्राचे पहिले कृष्णवर्णीय निवेदक होत. ही घटना लहान नव्हे. पण या रचनेतच तिच्या मर्यादाही होत्या. लंडन ही ‘परदेशा’ची पेढी मानली गेली. तेहरान असो, कैरो असो वा दिल्ली असो, त्यांची वार्ता अमेरिकेच्या घरात शिरायची ती लंडनच्या दारातून. ज्या शहरातून काही दशकांपूर्वी या तिन्ही ठिकाणांच्या राजकारणाची सूत्रे हलवली गेली, तेच शहर त्यांचे निवेदनही करू लागले.

दुसरी मर्यादा अधिकाराची. तिन्ही निवेदक दिसायला समान होते. पण वॉशिंग्टनचे रेनॉल्ड्स हेच व्यवहारतः प्रमुख होते. रॉबिन्सन यांनी फेब्रुवारी १९८१ मध्ये एका महाविद्यालयातील भाषणात जाहीरपणे तक्रार केली की, नव्या अध्यक्षांचा शपथविधी आणि इराणमधील ओलिसांची सुटका या मोठ्या प्रसंगांच्या वृत्तांकनातून आपल्याला दूर ठेवण्यात आले, आणि त्याचे कारण त्यांनी वंशभेदात शोधले. संस्थेला ते आवडले नाही. त्या वादात कोणाचे किती बरोबर होते याचा निवाडा येथे करण्याची गरज नाही. दिसते ते एवढेच, की शिकागोला खुर्ची मिळाली होती. पण मोठ्या दिवशी कोणी बोलायचे हे शिकागोत ठरत नव्हते. २० जुलै १९८३ रोजी रेनॉल्ड्स यांचे निधन झाले आणि सप्टेंबरपासून जेनिंग्ज हे न्यू यॉर्कमधून एकटेच बातमीपत्र सादर करू लागले. पाच वर्षांत वर्तुळ पूर्ण झाले.

दोह्यातील किल्ल्या

एबीसीचा प्रयोग अमेरिकी प्रेक्षकांसाठी अमेरिकी भांडवलाने केलेला होता. जाहिरातीवर अवलंबून नसलेल्या, पाश्चात्त्य नसलेल्या संस्थेने हाच प्रयोग केला तर निष्पत्ती वेगळी होईल काय? या प्रश्नाचे उत्तर ‘अल जझीरा इंग्लिश’ने दिले. १५ नोव्हेंबर २००६ रोजी सुरू झालेल्या या वाहिनीची दोहा, लंडन, वॉशिंग्टन आणि क्वालालंपूर अशी चार केंद्रे होती. सूर्य जसजसा पश्चिमेकडे सरकेल तसतशी बातमीपत्राची सूत्रे एका केंद्राकडून दुसऱ्याकडे जातील, ही कल्पना होती. मुख्य बातमीपत्रात दोन केंद्रांतील निवेदक एकत्र दिसत. कल्पना निश्चितच उदात्त होती, आणि कतारच्या राजसत्तेचा पैसा पाठीशी असल्यामुळे जाहिरातदाराची मर्जी सांभाळण्याची निकड नव्हती.

पण पैसा ज्याचा, तिजोरी त्याच्या घरी. एबीसीच्या ‘नाइटलाइन’मध्ये अनेक वर्षे काम केलेले डेव्हिड मॅरॅश या वाहिनीचे वॉशिंग्टनमधील निवेदक होते. त्यांनी २००८ मध्ये राजीनामा दिला तेव्हा त्यांची मुख्य तक्रार अशी होती की, वॉशिंग्टन केंद्राच्या हातातील संपादकीय अधिकार दोह्याकडे सरकत चालला आहे. पुढील काळात सूत्रे दोह्यातच एकवटत गेली. क्वालालंपूरहून चालणारे बातमीपत्र बंद झाले. अमेरिकेसाठी ऑगस्ट २०१३ मध्ये काढलेली स्वतंत्र वाहिनी एप्रिल २०१६ मध्ये मिटवण्यात आली. खनिज तेलाचे भाव त्या सुमारास कोसळलेले होते, हे या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे. न्यू यॉर्कचा जाहिरातदार असो वा आखातातील राजसत्ता असो, तंगी आली की कात्री प्रथम दूरच्या खुर्चीला लागते.

याच्या उलट उदाहरण म्हणून ‘बीबीसी’कडे बोट दाखवता येईल. २०११ मध्ये तिने लंडन आणि सिंगापूर येथून एकत्र सादर होणारे ‘न्यूजडे’ सुरू केले. एप्रिल २०२३ मध्ये काटकसरीचा भाग म्हणून देशी व आंतरराष्ट्रीय अशा दोन वृत्तवाहिन्या एक केल्या गेल्या, तेव्हाही सिंगापूर व वॉशिंग्टन ही केंद्रे राखण्यात आली. हे खरे आहे. पण यामागेही घड्याळच आहे. लंडनमध्ये मध्यरात्र असते तेव्हा सिंगापुरात सकाळ झालेली असते. रात्रपाळीचा बोजा लंडनवर टाकण्याऐवजी दिवसा काम करणाऱ्या सिंगापूरकडे तो सोपवणे सोयीचे. जी खुर्ची खर्च वाचवते ती टिकते. जी केवळ दृष्टी रुंदावते ती टिकत नाही.

मग या प्रयोगांत काहीच अर्थ नव्हता काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. डिसेंबर २००८ च्या अखेरीस गाझावर हल्ले सुरू झाले आणि इस्रायलने परदेशी पत्रकारांना आत जाण्यास मज्जाव केला, त्या वेळी अल जझीरा इंग्लिशचे आयमन मोहिएद्दीन आणि शरीन ताद्रोस हे बातमीदार आधीपासूनच आत होते. इंग्रजी जाणणाऱ्या जगाला तेथील वार्ता त्यांच्याकडून मिळाली. १९९१ च्या जानेवारीत बगदादवर बाँबवर्षाव सुरू झाला तेव्हाही ‘सीएनएन’चे तीन बातमीदार एका हॉटेलच्या खोलीतून केवळ आवाजाने वर्णन करीत होते, पडद्यावर चित्र नव्हते, तरी सारे जग ते ऐकत होते. या दोन्ही प्रसंगांतून जो निष्कर्ष निघतो तो खुर्च्यांच्या अभिमानाला तडा देणारा आहे. जगाला जोडतो तो बातमीच्या ठिकाणी आधीपासून राहणारा बातमीदार, चकचकीत कक्षात बसलेला दुसरा किंवा तिसरा निवेदक नव्हे. दुर्दैवाने निवेदक दिसतो आणि बातमीदारांचे बंद झालेले कार्यालय दिसत नाही. त्यामुळे शीतयुद्धानंतर अमेरिकी प्रक्षेपणसंस्थांनी परदेशांतील कार्यालये एकामागून एक मिटवली, त्याच काळात पडद्यावरचे नकाशे आणि शहरांची नावे मात्र वाढत गेली. दुकानाची पाटी मोठी आणि कोठार रिकामे, असा हा प्रकार.

बातमी आणि मदत

कोणी म्हणेल, की यात आमचे काय गेले? ज्याचा पैसा तो आपल्या शहरातून बोलेल; ज्याला पाहायचे तो पाहील. बातमी ही केवळ करमणूक असती तर हा युक्तिवाद मान्य करता आला असता. पण बातमीचे परिणाम अन्नाच्या पोत्यांत आणि औषधांच्या खोक्यांत मोजता येतात.

थॉमस आयझेन्सी आणि डेव्हिड स्ट्रॉमबर्ग या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९६८ ते २००२ या काळातील सुमारे ५,००० नैसर्गिक आपत्ती आणि त्यांना अमेरिकी सरकारने दिलेला प्रतिसाद त्यांनी तपासला. आपत्ती ऑलिंपिक क्रीडास्पर्धांच्या काळात किंवा अन्य मोठ्या वार्तेच्या गर्दीत ओढवली असेल तर अमेरिकेकडून मदत मिळण्याचा संभव कमी होतो, असे त्यांना आढळले. खेळांच्या वेळापत्रकाचा आणि पूरग्रस्तांच्या गरजेचा काहीएक संबंध नाही. तेव्हा एकच स्पष्टीकरण उरते: बातमीपत्रात जागा मिळाली नाही म्हणून मदत मिळाली नाही. ज्या अमेरिकी सायंकालीन बातमीपत्रांचा येथे संबंध येतो, त्यांतच तीन शहरांचे ‘वर्ल्ड न्यूज टुनाइट’ही होते. अर्ध्या तासाच्या बातमीपत्रात कोणती वार्ता चौथी आणि कोणती चौदावी, हा निर्णय करणारी व्यक्ती आपल्या नकळत शिधावाटपाचेही काम करीत असते.

याच सत्याची दुसरी बाजू अमर्त्य सेन यांनी मांडली आहे. जेथे लोकशाही नांदते आणि वृत्तपत्रे बऱ्यापैकी मोकळी असतात तेथे मोठा दुष्काळबळींचा प्रकार घडत नाही, हा त्यांचा सुप्रसिद्ध सिद्धांत. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळात सरकार मौन पाळून होते. २२ ऑगस्टला कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ने, इयन स्टीफन्स संपादक असताना, उपासमारीची छायाचित्रे छापली आणि दिल्ली व लंडन येथील सत्ताधाऱ्यांना डोळे मिटून घेणे कठीण झाले. पत्र ब्रिटिश मालकीचे होते. संपादकही इंग्रज होता. पण तो कलकत्त्यात बसत होता. काय छापायचे याचा निर्णय तेथेच होत होता. रस्त्यावर पडलेली प्रेते त्याच्या कचेरीपासून दूर नव्हती. हीच बातमी कलकत्त्याच्या निवेदकाने वाचायची आणि लंडनच्या संपादकाने निवडायची अशी व्यवस्था असती, तर ती छापली गेली असती काय? खुर्ची आणि किल्ली यांतील भेद येथे जीवनमरणाचा होतो.

मग करायचे काय?

हा विचार नवा नाही. जुलै १९७६ मध्ये नवी दिल्लीत अलिप्त राष्ट्रांची परिषद भरून वृत्तसंस्थांचा संयुक्त संचय उभारण्यात आला. युनेस्कोने नेमलेल्या शॉन मॅकब्राइड आयोगाने १९८० मध्ये जगातील वृत्तप्रवाह एकमार्गी असल्याचे दाखवून दिले, आपले बी. जी. व्हर्गीज त्या आयोगाचे सदस्य होते. पुढे अमेरिका १९८४ च्या अखेरीस आणि ब्रिटन १९८५ मध्ये युनेस्कोतून बाहेर पडले. पण अपयशाचे सारे खापर त्यांच्या माथी फोडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अलिप्त राष्ट्रांच्या संचयातून जे येत असे त्यात सरकारी भाषणे, स्वागतसमारंभ आणि संयुक्त पत्रके यांचाच भरणा अधिक. ते छापायला संपादक राजी नव्हते आणि वाचायला वाचक. परकीय भांडवलाच्या हातातील किल्ली काढून ती आपल्या सरकारच्या हाती दिली, तर कुलूप तसेच राहते.

म्हणून उपाय दुहेरी हवा. एक, निवेदकाच्या खुर्चीबरोबर निवडीचा अधिकारही फिरता असला पाहिजे. दोन, तो अधिकार सरकारी खात्याकडे नव्हे, तर व्यावसायिक पत्रकारांकडे असला पाहिजे. एक प्रस्ताव मांडावासा वाटतो. आशिया-पॅसिफिक प्रक्षेपण संघाच्या वतीने १९८४ पासून ‘एशियाव्हिजन’ ही वृत्तचित्रांची देवघेव चालत आली आहे. म्हणजे दळणवळणाची चौकट काही नव्याने उभारायची नाही. दिल्ली, ढाका, काठमांडू आणि कोलंबो या चार शहरांतून आठवड्याला एक तासाचे संयुक्त बातमीपत्र काढावे. निवेदक चारही ठिकाणी असावेत. पण प्रत्येक आठवड्यात बातम्यांचा क्रम लावण्याचा अधिकार एका शहराकडे असावा आणि तो पाळीपाळीने फिरावा. ढाक्याच्या पाळीत गंगा आणि तिस्ता यांचे पाणी पहिली बातमी होईल, कोलंबोच्या पाळीत मच्छीमारांचा प्रश्न वर येईल, काठमांडूच्या पाळीत परदेशी राबणाऱ्या मजुरांचा. दिल्लीला ते रुचणार नाही. पण न रुचणारा क्रम ऐकून घेणे हेच तर अनेक शहरांच्या बातमीपत्राचे प्रयोजन. खर्च आज नगण्य आहे. अडचण आहे ती मनाच्या तयारीची. आणि या भागात थोरले आपण असल्यामुळे पहिले पाऊल आपणच टाकायला हवे.

हा नियम घरातही लागू पडतो. आकाशवाणीने पुणे, मुंबई, नागपूर व औरंगाबाद येथून प्रादेशिक बातम्या देण्याची व्यवस्था केली, ती विकेंद्रीकरणाचे एक समंजस उदाहरण होती. त्या त्या केंद्रात वार्ता निवडण्याचे कामही होत असे, म्हणून तिला मोल होते. याउलट मुंबईच्या कक्षातून जिल्ह्याच्या बातमीदाराला दोन मिनिटे ‘थेट’ दाखवणे, आणि त्याने काय बोलायचे हे मुंबईतच ठरवणे, ही ‘वर्ल्डवाइड’ नावाचीच लहान आवृत्ती होय.

तोपर्यंत प्रेक्षकाने, विशेषतः वर्गात जगाचे अर्थकारण शिकवणाऱ्या शिक्षकाने आणि ते शिकणाऱ्या विद्यार्थ्याने, अशा कोणत्याही कार्यक्रमाला तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. बातम्यांचा क्रम कोणत्या शहरात लागतो? दूरच्या शहरातील निवेदक फक्त उत्तरे देतो, की मध्यवर्ती शहराला उलट प्रश्नही विचारू शकतो? आणि पैसा कमी पडला तेव्हा प्रथम कोणते कार्यालय बंद झाले? पहिला प्रश्न अधिकाराचा, दुसरा समानतेचा आणि तिसरा प्रामाणिकपणाचा. या तीन कसोट्यांवर उतरेल ते बातमीपत्र एकाच शहरातून निघत असले तरी त्याला आंतरराष्ट्रीय म्हणावे. जे उतरणार नाही, त्याच्या पडद्यावर दहा शहरांची नावे झळकली तरी त्यातून ऐकू येणारा आवाज एकाच शहराचा असेल.